स्वयंपाक्याची तारामती
(शिरपूर जैन येथील प्रौढ साक्षरता वर्गापुढे दिलेले भाषण)



अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला या गावी दूरदूरची माणसे येतात. आज आम्ही तुम्हाला एका साध्या माणसाची गोष्ट सांगणार आहोत. तो राजा नव्हे, साधू नव्हे. तो होता खानावळीतला स्वयंपाकी. नाव अण्णा साळुंके.

गोष्ट १९१२ सालची. दादासाहेब फाळके मुंबईला, दादरमध्ये, राजा हरिश्चंद्राचा चित्रपट काढीत होते. हरिश्चंद्राच्या कामाला दत्तात्रय दाबके मिळाले. रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. सरस्वतीबाई साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करीत. पण गाडी अडली तारामतीपाशी. एकही बाई काम करायला तयार होईना. सिनेमात गेली म्हणजे अब्रू गेली, असे तेव्हा लोक मानायचे. नाटकातसुद्धा बहुतेक ठिकाणी बायकांची कामे पुरुषच करीत.

ग्रँट रोडवरच्या एका खानावळीत फाळक्यांना साळुंके दिसले. अंगाने सडपातळ, हात नाजूक. पगार महिना दहा रुपये. फाळक्यांनी पंधरा देऊ केले. साळुंक्यांनी चूल सोडली आणि लुगडे नेसले.

३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला. लोकांनी गर्दी केली. तो मुका चित्रपट. तारामती रडते ते दिसे, पण ऐकू येत नसे. मध्येमध्ये पडद्यावर हिंदी आणि इंग्रजी अक्षरे येत. ज्याला वाचता येई, त्याला गोष्ट नीट कळे. ज्याला येत नसे, त्याने शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघायचे. शेजारी सांगेल तेवढेच खरे! मंडळी, हे दुःख तुम्हाला आम्ही काय सांगावे?

पुढे १९१७ साली 'लंकादहन' आला. त्यात साळुंके रामही झाले आणि सीताही झाले. एकच माणूस, दोन सोंगे. पडद्यावर राम आला की लोक पायातले जोडे काढीत, असे सांगतात. पुढे साळुंके कॅमेरा चालवायलाही शिकले. ज्या यंत्रापुढे उभे राहत, त्याच यंत्रामागे ते उभे राहिले. चुलीपुढचा माणूस नवी विद्या शिकला.

आणि बायकांचे काय झाले? फाळक्यांच्या पुढच्याच 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी कामे केली. मायलेकींनी लोकांच्या बोलण्याची पर्वा केली नाही. १९३१ साली चित्रपट बोलू लागला. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट निघाला. गोष्ट तीच, हरिश्चंद्राची. त्यात तारामती झाल्या दुर्गा खोटे. जी जागा बाईची, ती एकोणीस वर्षांनी बाईला मिळाली.

म्हणून आमच्या बहिणींना सांगणे आहे. वर्गाला निघालात की कोणी हसेल. म्हणेल, आता या वयात काय शिकणार? हसू द्या. पहिल्यांदा जाणाऱ्याला लोक हसतातच. घरातल्या पुरुषांनीही संध्याकाळी थोडा वेळ चूल सांभाळावी. साळुंके ते काम रोज करीत. त्यात कमीपणा कसला?

आता पाट्या घ्या. आजचा शब्द आहे 'तारामती'. ता, रा, म, ती. सावकाश लिहा.