लेदर सीटची निगा



ऑक्टोबर 2010 मध्ये आपल्या शहरातल्या मंडळींनी एकत्र येऊन 150 मर्सिडीज गाड्या घेतल्या.
शहराजवळच्या शेंद्र्यात तर स्कोडाचा कारखानाच आहे.
गाडीची हौस आपल्याला आहेच.
आज बोलूया गाडीतल्या लेदर सीटविषयी.

लेदरचे इथले वैरी दोन.
ऊन आणि धूळ.

उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो.
बंद गाडी आतून आणखी तापते.
लेदर कोरडं पडतं, मग त्याला भेगा पडतात.

धूळ शिवणीत जाऊन बसते.
आपण बसता-उठता ती पॉलिश पेपरसारखी घासते.

म्हणून आधी धूळ काढा.
मऊ ब्रश फिरवा.
व्हॅक्यूम क्लीनरने शिवणी साफ करा.

आता लेदर क्लीनर फडक्यावर घ्या.
थेट सीटवर ओतू नका.
आधी एखाद्या आडबाजूच्या कोपऱ्यावर लावून बघा.
रंग उतरला नाही, तर हलक्या हाताने सीट पुसा.
मग घट्ट पिळलेलं ओलं फडकं फिरवा.
सीट सावलीत वाळू द्या.

भांड्यांचा साबण नको.
पेट्रोल नको.
खोबरेल तेलही नको, त्यावर धूळ चिकटते.

शेवटी लेदर कंडिशनरचा पातळ हात द्या.
तीन-चार महिन्यांतून एकदा पुरे.

गाडी शक्यतो सावलीत लावा.
सावली नसेल, तर समोरच्या काचेला सनशेड लावा.

पुन्हा सांगते.
आधी धूळ, मग ओलं फडकं.
येत्या रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, एवढं जरूर करा.