बिनजोड नळ आणि जोडाचा नळ

ज्याला तोडीस तोड मिळत नाही असा पैलवान, त्याला मराठीत बिनजोड म्हणतात. कारखानदारीत ज्याला 'सीमलेस' हे नाव आहे त्या पोलादी नळालाही हे विशेषण शब्दशः लागू पडते, कारण त्याच्या अंगावर सांधा नसतो. मात्र शब्दातली स्तुती नळाला चिकटते आणि पुष्कळांचा असा समज होतो, की बिनजोड तो उत्तम आणि जोडाचा तो हलका. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही.

बिनजोड नळाची युक्ती जर्मनीतील रेमशाइड येथील मानेसमान बंधूंनी 1880 च्या दशकात शोधली. लालभडक तापविलेला भरीव गोल ठोकळा तिरप्या रुळांमध्ये फिरवीत दाबला, की त्याचा गाभा उकलू लागतो. त्यात टोकदार दांडा शिरवून नळ घडवितात. मात्र तो दांडा नेमका मधोमध राहीलच असे नाही, त्यामुळे नळाची भिंत कुठे जाड तर कुठे पातळ होते. सांगितलेल्या जाडीपेक्षा साडेबारा टक्के उणीव प्रमाणभूत मानली जाते. म्हणजे 12 मिलिमीटरचा नळ एखाद्या ठिकाणी साडेदहाच भरेल. जोडाचा नळ पत्रा वाकवून, कडा वितळवून सांधतात. त्याची भिंत एकसारखी असते, किंमतही बहुधा कमी पडते.

मग भय कशाचे? आत दाब असलेल्या नळाच्या भिंतीवर घेराच्या दिशेने येणारा ताण लांबीच्या दिशेतील ताणाच्या दुप्पट असतो. म्हणून फुटणारा नळ बहुधा उभा चिरतो, आणि उभा जोड नेमका याच ताणाच्या तोंडी असतो. याच कारणाने अमेरिकन संहिता बिनजोड नळाला पूर्ण एक गुण देते, तर विद्युत्प्रवाहाने सांधलेल्या नळाला 0.85. तोच दाब सोसण्यासाठी जोडाच्या नळाची भिंत सुमारे 18 टक्के जाड धरावी लागते. पत्रा वितळवून सांधलेल्या नळाचा संपूर्ण जोड क्ष-किरणांनी तपासला, तर मात्र त्यालाही पूर्ण गुण मिळू शकतो. थंड पाणी किंवा कमी दाबाची हवा नेण्यासाठी बिनजोड नळाचा हट्ट धरणे ही निव्वळ उधळपट्टी होय.

तप्त वाफेचा हिशेब मात्र वेगळा. अमेरिकेतील नेवाडा राज्यात मोहावे वीजकेंद्र 1971 साली सुरू झाले. तेथील पुनस्तापित वाफेचा 30 इंच व्यासाचा नळ उभ्या जोडाचा होता आणि त्यातून सुमारे 538 अंश सेल्सिअसची वाफ वाहत असे. 9 जून 1985 रोजी तो जोडावर उभा उकलला. वाफ नियंत्रण-कक्षात शिरली आणि सहा जणांचा बळी गेला. इतक्या उष्णतेत पोलाद वर्षानुवर्षे, डोळ्यांना न दिसता, ताणत जाते; अभियंते याला 'क्रीप' म्हणतात. नवा नळ थंड पाण्याच्या दाबाने कितीही कसून पारखला, तरी हा संथ क्षय त्या परीक्षेत दिसत नाही, कारण तो घडायचाच असतो.

म्हणून निविदेत नुसते 'पोलादी नळ, अमुक व्यासाचे' असे लिहिणे पुरेसे नाही. सर्वांत कमी दराचा नळ मग येणारच; त्यात पुरवठादाराचा दोष कोणता? नळातून काय वाहणार, किती दाबाने, किती तापमानाला आणि किती वर्षे, हे आधी ठरले, की सांधा हवा की नको याचे उत्तर बहुतेक वेळा आपोआप मिळते.

मोहावेनंतर अशा जुन्या नळांची तपासणी करताना एक विचित्र अडचण येई. जोड घासून सपाट केलेला, वर उष्णतारोधक वेष्टन. नळाला जोड आहे की नाही, असल्यास कोणत्या अंगाला, हेच नुसत्या नजरेला कळेना. तेव्हा वेष्टन काढून, पोलाद घासून, त्यावर आम्ल लावून जोडाची रेघ हुडकावी लागे. नळ बसविताना ती रेघ नकाशावर नोंदविण्यास एक पेन्सिल पुरली असती.