कामबक्षचा रुपया

मी भूमवरून बोलतोय. आजची गोष्ट एका दुर्मिळ चांदीच्या रुपयाची. ती सुरू होते आपल्या शेजारी, परंड्याला.

३ मार्च १७०७. अहमदनगरजवळ भिंगारला औरंगजेब वारला. त्याच्या थोडंच आधी त्यानं धाकट्या मुलाला, कामबक्षला, विजापूरचा सुभा देऊन रवाना केलं होतं. कामबक्ष परंड्याच्या किल्ल्यापाशी पोचला, तोच बापाच्या मृत्यूची खबर आली. सोबतचा सरदार मुहम्मद अमीन खान आपली फौज घेऊन सरळ मोठ्या भावाकडे, आझमशहाकडे निघून गेला!

उरलेल्या माणसांनिशी कामबक्षनं विजापूर गाठलं. स्वतःला बादशहा म्हणवलं, 'दीनपनाह' म्हणजे धर्माचा रक्षक, असा किताब घेतला. आणि स्वतःच्या नावाचं नाणं पाडलं. आधी विजापूरला, मग हैदराबादला.

तुम्ही म्हणाल, नाणं पाडलं, त्यात काय एवढं? तर तेव्हा राजा कोण, हे रयतेला दोन गोष्टींतून कळायचं. शुक्रवारच्या खुतब्यात नाव कोणाचं, आणि हातातल्या रुपयावर नाव कोणाचं. म्हणजे नाणं हाच जाहीरनामा.

तिकडे जून १७०७ मध्ये आग्र्याजवळ जाजऊच्या लढाईत आझम मारला गेला. थोरला मुअज्जम 'बहादूरशहा' झाला. त्यानं कामबक्षला कळवलं, विजापूर तुझंच, वर हैदराबादही घे. अट एकच : नाणं आणि खुतबा माझ्या नावाचा.

कामबक्षनं ऐकलं नाही. उलट संशयापायी स्वतःचाच कर्तबगार सेनापती अहसन खान याला कैदेत टाकून संपवलं. माणसं पांगत गेली. जानेवारी १७०९ मध्ये हैदराबादजवळ मूठभर लोकांनिशी तो लढला, जबर जखमी होऊन पकडला गेला आणि त्या जखमांनीच मेला. कारभार जेमतेम दोन वर्षांचा, म्हणून त्याची नाणी आज इतकी कमी सापडतात.

एका नावापायी जीव घालवला, वेडाच होता, असं म्हणणं सोपं आहे. पण मला वाटतं, त्या घराचा इतिहास त्याला पाठ होता. त्याच्याच बापानं दारा आणि मुराद या सख्ख्या भावांना संपवलं होतं. मग भावाच्या शब्दावर भरवसा ठेवायचा कसा?

तुम्ही त्याच्या जागी असता तर रुपयावरचं नाव बदललं असतं का? विचार करा. भेटू पुढच्या भागात!