यंत्राला शहाणे करणारे हात



करूळ घाटात रोज एसटी चालवणाऱ्या माणसाला कोणत्या वळणावर गाडी धापा टाकते हे ठाऊक असते. गाडी बांधणाऱ्याला ते विचारल्याशिवाय कळत नाही. बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकाचेही तसेच आहे. त्याचा प्रोग्राम लिहिणारे थोडे, वापरणारे पुष्कळ. या पुष्कळांच्या कल्पनेला कारखान्यात जागा आहे काय, हा आजचा प्रश्न.

१९९७ साली आयबीएम कंपनीच्या ‘डीप ब्लू’ने जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवले. त्या यंत्राला तयार करण्यास जोएल बेंजामिन यांच्यासारखे कसलेले खेळाडू होते; पण काम कंपनीच्या दाराआड चालले. सामन्यानंतर ते यंत्र पुन्हा खेळले नाही.

२००८ साली निघालेल्या ‘स्टॉकफिश’ने दार उघडे ठेवले. त्याचा प्रोग्राम कोणीही वाचावा, बदलावा. २०१३ पासून तेथे सुधारणांची कसोटी लागते ती अशी : कोणाला काही सुचले की नवी आवृत्ती जुनीशी हजारो डाव खेळते. त्यासाठी स्वयंसेवक आपले संगणक मोकळे करून देतात. नवी सरस ठरली तरच ती स्वीकारायची. सुचवणाऱ्याची पदवी पाहायची नाही. जपानी बुद्धिबळासाठी, म्हणजे शोगीसाठी, यू नासू यांनी २०१८ मध्ये पटावरची स्थिती जोखण्याची नवी युक्ती काढली. हिसायोरी नोदा यांनी ती स्टॉकफिशला जोडून दाखवली, आणि २०२० मध्ये त्याचे बळ एकदम वाढले. एका खेळातल्या हौशी माणसांचे ज्ञान दुसऱ्या खेळाला असे फळले.

पण कष्ट सर्वांचे आणि नफा एकाचा, हा जुना रोग येथेही शिरू पाहतो. स्टॉकफिशची अट साधी आहे : विका, परंतु तुम्ही केलेले बदलही सर्वांना खुले ठेवा. ‘चेसबेस’ कंपनीने ही अट मोडली, असा दावा त्याच्या कर्त्यांनी २०२१ मध्ये जर्मनीत लावला. २०२२ मध्ये तडजोड झाली आणि कंपनीने स्टॉकफिशवर बेतलेल्या मालाची विक्री वर्षभरासाठी थांबवली. ही ताकद लेखी अटीची होती, कोणाच्या औदार्याची नव्हे.

कामगार-चळवळीत आम्ही हेच सांगत आलो. मालक भिंतीवर सूचनापेटी टांगतो, तेवढ्याने कामगार भागीदार होत नाही. सूचनेची पारख उघड व्हावी, आणि तिच्या फळावर हक्क कोणाचा हे आधी ठरावे.

आपल्या मुलामुलींनी अशा कामात जरूर हात घालावा. मात्र पहिले प्यादे हलवण्यापूर्वी त्यांनी अट वाचावी.