लॉरेल म्हणजे तमालपत्र नव्हे

आजचा विषय झाडाचा आहे. कोडिंग नाही, इंटरव्ह्यू नाही, पगाराची बोलणी नाहीत. एक झुडूप. ते मी दोनदा मारता मारता वाचवलं आणि एकदा त्यानेच आमच्या घरात भलतंच काही घडवलं असतं. ऐकताना कुकर लावला असेल तर आधी गॅस बारीक करा, कारण गोष्ट शेवटी स्वयंपाकघरातच जाणार आहे.

मी कामासाठी अमेरिकेत, कनेक्टिकट राज्यात राहतो. भाड्याचं घर आहे, पण मागे थोडं अंगण आहे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात ऑफिसमधल्या लोकांबरोबर इथल्या टेकडीवर ट्रेकला गेलो होतो. जूनमध्ये परत गेलो, तर ओकच्या झाडांखालचं सगळं रान पांढऱ्या-गुलाबी फुलांनी भरलेलं. विचारलं तर कळलं, हे माउंटन लॉरेल. १९०७ पासून कनेक्टिकटचं राज्यफूल. पेनसिल्व्हेनियानेही १९३३ मध्ये हेच फूल निवडलं. शास्त्रीय नाव काल्मिया लॅटिफोलिया. पेर काल्म नावाचा स्वीडिश निसर्ग-अभ्यासक १७४८ मध्ये अमेरिकेत आला होता, त्याच्यावरून त्याचे गुरू लिनियस यांनी हे नाव ठेवलं.

फूल जवळून बघा. छोटी वाटी असते, आणि तिच्या आतल्या बाजूला दहा बारीक खिसे. प्रत्येक खिशात एका पुंकेसराचं टोक अडकवून ठेवलेलं. फूल उमलतं तसा पुंकेसर धनुष्यासारखा ताणला जातो. भुंगा किंवा मधमाशी येऊन बसली, की टोक खिशातून सुटतं आणि परागकण गलोलीतून मारल्यासारखे तिच्या अंगावर उडतात. मी गवताची काडी घेऊन एकेक खिसा सोडवत बसलो होतो. मेकॅनिकलवाल्या मित्राला व्हिडिओ पाठवला, तर तो म्हणाला, ‘स्प्रिंग कुठेय?’

झालं, मला ते झुडूप हवंच होतं. जंगलातून उपटून आणायचं नसतं, आणि आणलं तरी ते सहसा जगत नाही. म्हणून नर्सरीतून कुंडीतलं रोप आणलं. पूर्वी ही रोपं मिळणं अवघड होतं, कारण याच्या फांदीला मुळं फुटता फुटत नाहीत. टिश्यू कल्चर आल्यावर चांगल्या जाती सगळीकडे मिळायला लागल्या. झाड मात्र फार हळू वाढतं. माझ्या विसाची मुदत त्याच्या वाढीच्या आधी संपेल, हे मला तेव्हाच दिसत होतं. तरी आणलं.

आता चूक नंबर एक. मी ते घराच्या भिंतीला लागून लावलं. खिडकीतून दिसावं म्हणून. ऑगस्टपर्यंत पानं पिवळी पडली. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा.

चूक नंबर दोन. गावाकडे आमची आजी परसातल्या झाडांना चुलीतली राख घालायची. आळूला, केळीला, कढीपत्त्याला. झाडं कशी तरारून यायची! मी घरमालकीणबाईंकडून त्यांच्या शेकोटीची राख मागून आणली आणि दोन ओंजळी मुळाशी घातली. वसंत ऋतूत पानं आणखी पिवळी. टोकं करपलेली. मग वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून रोज पाणी. मग खत. प्रॉडक्शनवर बग आला की आपण लॉग न बघता एकामागून एक फिक्स टाकत सुटतो ना, तसं चाललं होतं.

शेवटी लॉग बघितला. म्हणजे माती तपासली. इथे युनिव्हर्सिटी ऑफ कनेक्टिकटची माती तपासणी प्रयोगशाळा आहे, तिथे नमुना पाठवला. उत्तर आलं, पीएच, म्हणजे सामू, ७ च्या वर. या झुडपाला लागतो साधारण ४.५ ते ५.५. म्हणजे चांगली आंबट माती. सामू वाढला की मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही, म्हणून पानं पिवळी पडतात. सामू वाढला कशाने? घराच्या पायातल्या काँक्रीटमधून चुना हळूहळू मातीत उतरतो, हे एक. आणि वरून मी घातलेली राख. राख म्हणजे चुन्याचीच बहीण.

आजी चुकली नव्हती बरं का. तिच्या झाडांना राख चालत होती. मीच तिचं औषध न विचारता दुसऱ्याच रोग्याला दिलं.

सप्टेंबरमध्ये झाड हलवलं. कुणाला लावायचं असेल तर नीट ऐका. जागा अशी निवडा, जिथे सकाळचं ऊन आणि दुपारची सावली असेल. ओकखाली उत्तम. पाणी साचता कामा नये. खड्डा रुंद घ्या, पण खोल नको, कारण याची मुळं वरच्या थरातच पसरतात. कुंडीत मुळांचा गोळा झाला असेल तर तो हाताने मोकळा करा, नाहीतर ती गोल गोलच फिरत बसतात आणि बाहेरच्या मातीत जातच नाहीत. मुळाचा गोळा जमिनीच्या किंचित वर, बोटभर उंच राहू द्या. वर पाइनच्या सालीचं किंवा सुयांचं आच्छादन करा, खोडाला न चिकटवता. नंतर आजूबाजूला खुरपं चालवू नका. पहिली दोन वर्षं पाऊस नसेल तर आठवड्यातून एकदा सावकाश, खोलवर पाणी द्या. माती आंबट करायला गंधक घालतात, पण त्याचं आम्ल मातीतले जिवाणू बनवतात, त्याला महिने लागतात. त्यामुळे आधी माती तपासा, मग गंधक, मग झाड. आणि छाटायचं तर फुलं गेल्या गेल्या. पुढच्या वर्षीच्या कळ्या उन्हाळ्यातच धरतात. थंडीत कात्री चालवलीत तर फुलंच कापली जातील.

पुण्यात, नाशकात बसून ऐकणाऱ्यांनो, हे रोप ऑनलाइन शोधू नका. त्याला खरी थंडी लागते, आणि आपली काळी माती आंबटाच्या उलट टोकाला, चुनखडीकडे झुकलेली. उत्तराखंडमध्ये ट्रेकला जाऊन बुरांस बघितलात, तर याच कुळातलं झाड बघितलंत असं समजा.

आता स्वयंपाकघर.

या एप्रिलमध्ये आई आली, सहा महिन्यांसाठी. तोवर झाडाला हिरवी पालवी आली होती. एका शनिवारी मी झोपेतून उठून किचनमध्ये आलो, तर ओट्यावर मसालेभाताची तयारी. काजू, तोंडली, गोडा मसाला. आणि ताटलीत धुऊन ठेवलेली चार चकचकीत हिरवी पानं.

‘आई, ही पानं कुठली?’

‘तुझ्याच झाडाची की. तमालपत्र संपलंय. अरे, दारात झाड असताना विकत कशाला आणतोस?’

मला काही कळेना. तिने कपाटातून रिकामं पाकीट काढून दाखवलं. इथे दुकानात तमालपत्राच्या नावाखाली जी पानं मिळतात, त्या पाकिटावर इंग्रजीखाली स्पॅनिश नावही असतं, आणि त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं, ‘लॉरेल’. अंगणात झाडाला अडकवलेल्या नर्सरीच्या चिठ्ठीवर, ‘माउंटन लॉरेल’. आईने दोन्ही नीट वाचलं होतं. वाचूनच चूक झाली होती.

मंडळी, हे झुडूप विषारी आहे. पान, फूल, कोवळी फांदी, सगळंच. त्यातलं ग्रेयानोटॉक्सिन मज्जातंतूंच्या आणि हृदयाच्या कामात ढवळाढवळ करतं. उलट्या, चक्कर, नाडी मंदावणं, रक्तदाब उतरणं. शेळ्या-मेंढ्या याची पानं खाऊन मरतात. आपलं तमालपत्र दालचिनीच्या कुळातलं, त्याच्या पानावर उभ्या तीन शिरा असतात. पाकिटातलं लॉरेल वेगळं, पण त्याच मोठ्या कुळातलं. माउंटन लॉरेलचा या दोघांशी काही संबंध नाही, पान दिसायला तसं म्हणून नाव चिकटलं, इतकंच.

मी पानं उचलली, कचऱ्यात टाकली, ताटली दोनदा घासली. मग आईला सांगितलं. ती पाच मिनिटं काहीच बोलली नाही. आईला बीपीची गोळी चालू आहे. आम्हा दोघांच्याही डोक्यात तेच होतं, कुणी बोललं नाही. मग म्हणाली, ‘तुला माहीत होतं ना? मग मला सांगायला काय झालं होतं?’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सामू मी तिला तीन वेळा समजावला होता. फुलाची गलोल व्हिडिओ कॉलवर दाखवली होती. विषारी आहे हे सांगायचं राहून गेलं, कारण ते मला माहीत होतं, म्हणजे घरात सगळ्यांनाच माहीत आहे असं मी धरून चाललो होतो.

म्हणून आज एवढंच. घरात कुठलंही झाड आणाल, तर त्या दिवशीच घरच्यांना सांगा, खायचं की नाही. लहान मुलं, कुत्रं, पाहुणे, सगळे धरून. अमेरिकेत असाल तर पॉयझन कंट्रोलचा नंबर फ्रीजवर लावा, १-८००-२२२-१२२२, फुकट आहे आणि चोवीस तास चालू.

जूनमध्ये झाडाला दोन गुच्छ आले. दोनच. आईने गवताची काडी घेऊन सगळे खिसे सोडवले, एकही मधमाशीला ठेवला नाही. आणि नर्सरीच्या चिठ्ठीशेजारी आता दुसरी चिठ्ठी आहे, आईच्या अक्षरात, मराठीत: ‘तोडू नये. भाजीत घालू नये.’

घरमालकीणबाई विचारत होत्या, यावर काय लिहिलंय. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, इंग्रजीतही लिही.

लिहिलं. चला, भेटू पुढच्या भागात. कुकर बघा.