काळोखा हिवाळा आणि मनाचे आरोग्य



महाराष्ट्रात हिवाळा हा आल्हाददायक ऋतू मानला जातो. हुरडा, शेकोटी आणि सकाळचे कोवळे ऊन यांच्या संगतीने तो येतो आणि जातो. मुंबईच्या अक्षांशावर वर्षातील सर्वांत लहान दिवसही सुमारे ११ तासांचा असतो. त्यामुळे हिवाळा माणसाचे मन खचवू शकतो, ही गोष्ट येथे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. पृथ्वीच्या उत्तरेकडील देशांत मात्र हिवाळा म्हणजे केवळ थंडी नव्हे, तर प्रकाशाचा दुष्काळ होय. नॉर्वेची राजधानी ऑस्लो येथे डिसेंबरातील दिवस जेमतेम ६ तासांचा असतो. त्याच देशातील ट्रॉम्सो शहरात नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही.

अशा प्रदेशांत कित्येकांना शरद ऋतू सरताच एक विलक्षण मरगळ घेरते. झोप वाढते, तरीही थकवा जात नाही. गोड व पिष्टमय पदार्थ खाण्याची अनावर इच्छा होते आणि वजन वाढते. कामात लक्ष लागत नाही, माणसांत मिसळणे नकोसे होते. वसंत ऋतू आला की ही अवस्था आपोआप ओसरते आणि पुढील हिवाळ्यात पुन्हा परतते. याला ऋतुमानानुसार येणारे नैराश्य असे म्हणतात. लागोपाठ किमान दोन वर्षे असा क्रम दिसून आला, तर वैद्यकशास्त्र त्याची स्वतंत्र दखल घेते.

ही दखल घेतली जाण्याचा इतिहास उद्बोधक आहे. अमेरिकेतील एका अभियंत्याने आपल्या मनःस्थितीतील चढउतारांच्या नोंदी वर्षानुवर्षे चिकाटीने ठेवल्या होत्या. आपली उमेद दिवसाच्या लांबीबरोबर वाढते आणि घटते, हे त्याला त्यांतून उमगले. १९८० मध्ये, प्रखर प्रकाशामुळे मानवी शरीरातील मेलाटोनिन या रात्री स्रवणाऱ्या संप्रेरकाचे प्रमाण घटते, असे संशोधकांनी सिद्ध केले. त्यानंतर या अभियंत्यावर प्रखर कृत्रिम प्रकाशाचा उपचार करून पाहण्यात आला आणि त्याचे मन हिवाळ्यातच ताळ्यावर आले. पुढे १९८४ मध्ये नॉर्मन रोझेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विकाराचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. रोझेंथाल स्वतः दक्षिण आफ्रिकेच्या उन्हातून अमेरिकेत आले होते आणि तेथील हिवाळ्याचा जाच त्यांनी अनुभवला होता. ज्याला तोवर आळस किंवा स्वभावदोष म्हटले जात होते, त्याला अशा रीतीने आजाराचे नाव मिळाले आणि उपचाराचा मार्गही सापडला.

प्रकाशाचा मनाशी संबंध कसा पोहोचतो, हेही समजून घेणे इष्ट ठरेल. डोळ्यांवाटे आत जाणारा प्रकाश केवळ पाहण्याच्या कामी येत नाही. मेंदूतील जे केंद्र झोप, जाग, भूक आणि संप्रेरके यांचे दैनंदिन वेळापत्रक राखते, त्या केंद्राला तो सकाळ झाल्याची वर्दी देतो. ही वर्दी उशिरा व क्षीण मिळाली, तर काहींचे वेळापत्रक विस्कटते. घरातील दिव्यांचा उजेड मोजला, तर तो साधारणपणे १०० ते ५०० लक्स भरतो. ढगाळ दिवशीही बाहेरचा उजेड त्याच्या अनेक पट असतो आणि भर उन्हात तो १ लाख लक्सपर्यंत जातो. यास्तव उपचारासाठी १० हजार लक्सचा खास दिवा वापरतात. दररोज सकाळी सुमारे अर्धा तास त्याच्यासमोर बसावयाचे असते, दिव्याकडे टक लावून पाहावयाचे नसते. डोळ्यांचा विकार असलेल्यांनी, तसेच ज्यांना उन्मादाचे झटके येऊन गेले आहेत त्यांनी, वैद्यकीय सल्ल्यावाचून हा उपचार करू नये. औषधे आणि विचारांना वळण देणारी मानसोपचार पद्धती यांचाही उपयोग होतो. सकाळी बाहेर फिरणे, व्यायाम, ठराविक वेळी उठणे आणि माणसांची सोबत यांचा आधारही मोठा आहे.

पंचायतीच्या सदस्यांना विशेष विचार करावयास लावतील, अशी दोन उदाहरणे येथे सांगण्याजोगी आहेत. इटलीतील आल्प्स पर्वताच्या कुशीत विगानेला नावाचे सुमारे २०० वस्तीचे गाव आहे. डोंगराच्या आडोशामुळे ११ नोव्हेंबरपासून २ फेब्रुवारीपर्यंत तेथे ऊन पोहोचत नसे. २००६ च्या डिसेंबरात गावाने समोरच्या डोंगरावर ८ मीटर रुंद व ५ मीटर उंच आरसा बसविला आणि परावर्तित ऊन गावच्या चौकात आणले. नॉर्वेतील र्‍युकान या औद्योगिक गावाची स्थिती याहून बिकट होती. खोल दरीमुळे तेथे सप्टेंबरअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत सूर्यदर्शन होत नाही. रहिवाशांना डोंगरमाथ्यावर जाऊन ऊन घेता यावे, म्हणून १९२८ मध्ये तारेवरून चालणारा पाळणा उभारण्यात आला. डोंगरावर आरसे लावण्याची कल्पना तर १९१३ मध्येच मांडली गेली होती. ती प्रत्यक्षात आली २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये. सूर्याच्या गतीप्रमाणे वळणारे तीन आरसे आता गावच्या चौकावर ऊन पाडतात. हा खर्च वायफळ आहे, असे म्हणणारेही गावात होते. पाणी, रस्ता आणि शाळा यांच्याप्रमाणे मनाचे स्वास्थ्यही सार्वजनिक हिताचा विषय आहे, ही भूमिका अखेर स्वीकारली गेली.

महाराष्ट्राशी या विषयाचा संबंध अगदीच दूरचा नाही. गावोगावची मुले आज कॅनडा, ब्रिटन, जर्मनी, स्वीडन येथे शिक्षणासाठी व नोकरीसाठी जातात. पहिल्याच हिवाळ्यात मुलगा फोन टाळू लागला, मुलगी दिवसभर झोपू लागली, तर घरचे लोक घाबरतात किंवा रागावतात. अशा वेळी ‘इतका खर्च केला आणि तू आळशी झालास’ हे बोलणे घावावर मीठ चोळणारे ठरते. त्याऐवजी दुपारी बाहेर पडतोस का, जेवतोस का, डॉक्टरांना भेटलास का, अशी विचारपूस करावी. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळासारख्या संस्थांशी त्यांची गाठ घालून द्यावी. ऐन जानेवारीत तिळगुळासाठी चार माणसे एकत्र येणे, हाही तेथे एक दिलासाच असतो.

येथील समाजानेही यापासून एक बोध घ्यावा. मनाची उदासी ऋतूमुळे असो, कर्जामुळे असो वा आजारपणामुळे, ती दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकली आणि झोप, भूक, काम यांवर तिचा परिणाम होऊ लागला, तर ते सोंग नव्हे, हे ओळखले पाहिजे. मागे पडणारा विद्यार्थी, गैरहजर राहणारा कर्मचारी, चावडीवर येईनासा झालेला शेतकरी यांना ताकीद देण्यापूर्वी त्यांची आस्थेने चौकशी व्हावी. जगणे नकोसे झाल्याची भाषा कोणी केली, तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये आणि मदत मिळविण्यास क्षणाचाही विलंब लावू नये. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठीतून सल्ला मिळतो. शाळेच्या फलकावर आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हा क्रमांक ठळक अक्षरांत लिहिला जावा. त्यासाठी कोणत्याही मंजुरीची वाट पाहण्याची आवश्यकता नाही.