टाका धरतो, शरीर जोडतं



गोंदियात मंडईचे दिवस आहेत. गावोगावी नाटकांचे मांडव पडलेत, हलक्या धानाची कापणी सुरू आहे. अशा वेळी पोटाचे टाके का उघडतात, हे ऐकायला तुम्ही आलात. कारण उघड आहे. सिझर, अपेंडिक्स, हर्निया, आतड्याला पडलेलं छिद्र. यांपैकी काही ना काही प्रत्येकाच्या घरात होऊन गेलेलं असतं.

आधी एक फरक सांगतो. टाके उघडतात ते दोन प्रकारे. एकात फक्त कातडी आणि खालची चरबी सुटते, पाणी किंवा पू येतो. सिझरनंतर बहुधा हेच दिसतं. त्रास होतो, ड्रेसिंग लांबतं, पण जिवावर बेतत नाही. दुसऱ्यात कातडीखालचा पांढरा, चिवट थर सुटतो. पोटाची खरी भिंत तीच. ती उसवली की आतडं बाहेर डोकावतं. पोटाच्या मोठ्या ऑपरेशनांत शंभरात साधारण एक ते तीन जणांच्या बाबतीत असं होतं आणि त्यातले काही दगावतात. आतडं फुटून पोटात घाण पसरलेली असताना केलेल्या तातडीच्या ऑपरेशनांत हे प्रमाण जास्त असतं.

थोरामोठ्यांनाही जखमेने सोडलेलं नाही. 12 जानेवारी 1924 च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी गांधीजींचं अपेंडिक्स काढलं. गांधीजी तेव्हा येरवड्याचे कैदी होते. ऑपरेशन चालू असताना वीज गेली आणि शेवटचे टाके कंदिलाच्या उजेडात पडले. ऑपरेशन पार पडलं, पण जखमेच्या जागी पू धरला आणि प्रकृती सावकाश सुधारत राहिली. अखेर 5 फेब्रुवारीला सरकारने त्यांची उरलेली शिक्षा माफ करून सुटका केली, आणि पुढे ते विश्रांतीसाठी जुहूच्या समुद्रकाठी राहिले. सर्जन निष्णात, रुग्णालय नामांकित, रुग्णाची शुश्रूषा डोळ्यांत तेल घालून केलेली. तरी जखम आपल्याच गतीने भरली. तेव्हा प्रतिजैविकं नव्हती, हे खरं. पण पोटात पू असला की टाके अडचणीत येतात, हे आजही तितकंच खरं आहे.

टाके उघडले की नातेवाईक पहिल्यांदा म्हणतात, "धागा कच्चा होता." अशा रुग्णाचं पोट पुन्हा उघडलं की धागा बहुतेक वेळा शाबूत सापडतो, गाठही जागच्या जागी असते. धागा मांस कापत बाहेर आलेला असतो. धानाची चुंगडी दाबून भरा, तोंड सुतळीने करकचून शिवा आणि गाडीवर आपटा. सुतळी तुटत नाही, गोणपाट फाटतं. 1976 मध्ये जेन्किन्स या ब्रिटिश सर्जनने हाच हिशेब मांडला. ऑपरेशननंतर पोट गॅसने फुगलं की जखमेची लांबी तीस टक्क्यांपर्यंत वाढू शकते. धागा आखूड आणि ताणून घातलेला असेल तर त्याला मांस कापण्यावाचून वाट नसते. म्हणून जखमेच्या लांबीच्या किमान चौपट धागा वापरावा, असा नियम आला. नेदरलँड्समधल्या 560 रुग्णांच्या अभ्यासाने 2015 मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली: टाके लहान आणि जवळजवळ घातले तर वर्षभरानंतर जखमेच्या जागी हर्निया होण्याचं प्रमाण 21 वरून 13 टक्क्यांवर येतं. सर्जनने घट्ट आवळण्यापेक्षा जवळजवळ शिवावं, हा याचा अर्थ.

सर्जनची जबाबदारी इथे संपत नाही. चिरा देण्याआधीच्या तासाभरात प्रतिजैविक द्यायला हवं, हत्यारं नीट निर्जंतुक हवीत, साखर ताब्यात हवी. आपल्याकडे रुग्ण आदल्या रात्री घरीच ब्लेडने पोट भादरून येतात. कृपा करून येऊ नका. ब्लेडच्या बारीक ओरखड्यांतून जंतू आत शिरतात. केस काढायचेच असतील तर दवाखान्यात क्लिपरने काढतात.

आता घराकडे येतो. टाका फक्त धरून ठेवतो, जोडायचं काम शरीराचं. तीन आठवड्यांनी जखमेत मूळ ताकदीचा जेमतेम पाचवा हिस्सा आलेला असतो. तीन महिन्यांनीही ती ऐंशी टक्क्यांच्या पुढे जात नाही. या जोडणीला प्रथिनं लागतात, आणि आपल्या घरांत ऑपरेशनवाल्याची प्रथिनंच आधी बंद होतात. डाळीने पू होतो, अंड्याने जखम चिघळते, आंबट तर शिवायचंच नाही! उरते काय? पातळ पेज. महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांत रक्त कमी आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी सांगते. आपल्या पट्ट्यात सिकलसेलही आहे. अशा बाईला पेजेवर ठेवणं म्हणजे गवंड्याला विटा न देता भिंत बांध म्हणणं.

आंबटाबद्दल तर एका सर्जनने स्वतःच्या पाठीवर प्रयोग केला. 1939 मध्ये बोस्टनच्या जॉन क्रँडन यांनी क जीवनसत्त्व नसलेला आहार सुरू केला आणि तो सहा महिने चालवला. तिसऱ्या महिन्यात पाठीवर चिरा देऊन घेतला, तो नीट भरला. सहाव्या महिन्यात दुसरा दिला. दहा दिवसांनी पाहिलं तर वरची कातडी जुळलेली, आत मात्र काहीच जुळलेलं नाही, नुसतं रक्त साकळलेलं. मग क जीवनसत्त्व दिलं आणि तीच जखम भरून आली. आवळा, पेरू, लिंबू आपल्या दारात आहेत. डॉक्टरांनी खायची परवानगी दिली की डाळ, अंडं, मासे आणि हे आंबट, सगळं ताटात येऊ द्या. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र विचारून.

जखमेचा पहिला शत्रू हे पथ्य, दुसरा पन्नीत असतो. वॉर्डात राउंड घेताना उशी उचलली की खर्ऱ्याची पन्नी निघते. भेटायला आलेला भाऊबंद मायेने ठेवून गेलेला असतो. तंबाखूतलं निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळतं, जखमेला पोचणारं रक्त कमी होतं. बिडीवाल्याची गोष्ट आणखी वाईट. त्याचा खोकला थांबत नाही आणि प्रत्येक उबळ ताज्या टाक्यांवर आतून धक्का मारते. ऑपरेशन ठरवून करायचं असेल तर किमान चार आठवडे आधी बिडी-खर्रा सोडा. खोकला आलाच तर पोटावर उशी दाबून खोका. उठताना सरळ न उठता कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन उठा. आणि सहा आठवडे पाण्याची घागर, धानाचा भारा किंवा रोवणीतलं दिवसभराचं वाकणं नाही. मजुरी बुडते, मला ठाऊक आहे. पुन्हा पोट शिवायला लागलं तर अख्खा हंगाम बुडतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. भिंत सुटते ती बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान. म्हणजे रुग्ण घरी पोचलेला असतो किंवा घरी जायची पिशवी भरत असतो. ताप नसतो, दुखत नसतं, जेवण सुरू झालेलं असतं. आणि अचानक पट्टी भिजते. पू नव्हे, मांस धुतलेल्या पाण्यासारखं गुलाबी पाणी. कधी रुग्ण म्हणतो, खोकलो आणि आत काहीतरी सुटल्यासारखं वाटलं. हे पाणी दिसलं की पट्टी बदलून वाट पाहायची नाही. त्याच तासाला दवाखाना गाठायचा.

आतडं दिसलंच तर घाबरून ते आत ढकलू नका. रुग्णाला उताणं झोपवा, गुडघे वाकवा, उकळून गार केलेल्या पाण्यात किंवा सलाइनमध्ये भिजवलेलं स्वच्छ कापड वर ठेवा आणि ते ओलं राखा. खायला-प्यायला काही देऊ नका, कारण पुन्हा भूल द्यावी लागणार आहे. हळद, राख, पावडर काही नाही. 108 ला फोन करा.

सिझर झालेल्या आईला सरकारी दवाखान्यात सात दिवसांपर्यंत मोफत जेवण मिळतं, आणि घरी गेल्यावर सातव्या, चौदाव्या दिवशी आशाताई बाळ बघायला येते. ताईंना माझी विनंती आहे, बाळाचं वजन झालं की आईची पट्टीही बघा. पण आतडं फुटून ऑपरेशन झालेला सालेकशाचा किंवा देवरीचा शेतकरी सहाव्या-सातव्या दिवशी घरी जातो, त्याच्याकडे कोण येतं? कोणीही नाही. मोठा खर्च नको, नवी इमारत नको. पोटाचं ऑपरेशन झालेल्या प्रत्येकाच्या घरी दहाव्या दिवसापर्यंत कोणीतरी जावं, निदान फोन करावा आणि एकच विचारावं: पट्टी कोरडी आहे का? हे काम आपल्या दवाखान्यांनी आणि ग्रामपंचायतींनी मनावर घ्यावं, एवढंच मागून मी थांबतो.